पहिला सेंटिमीटर

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. पोक काढून बसणाऱ्यांना मी माझी जीवनकथा सांगत नाही. मी स्वतः पन्नासहून अधिक वर्षे ताठ राहिले आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी पट्ट्या दमट हवेने, उन्हाने आणि विद्यार्थ्यांच्या तलवारबाजीने वाकड्या झालेल्या मी पाहिल्या. होय, मी पट्टीच आहे. पण तुमच्या कंपासपेटीतली, टोके चावलेली पट्टी नव्हे. मी एक मीटर लांबीची लाकडी मोजपट्टी आहे, आणि माझे सारे आयुष्य एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले आहे.

ज्या कारागिराने मला घडविले, त्याने माझे लाकूड सहा वर्षे सावलीत वाळवले होते. घाईत वाळलेले लाकूड आणि घाईत दिलेला शब्द, दोन्ही पुढे वाकतात, असे तो म्हणत असे. त्याने माझ्या अंगावर एक हजार रेघा आखल्या आणि प्रत्येक रेघेत काळा रंग भरला. शेवटी माझ्या दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या चढवल्या. लाकूड झिजते, पितळ सहसा झिजत नाही. तेव्हा टोकापासून निर्धास्त मोजा, असा त्या टोप्यांचा अर्थ होता. या टोप्यांखाली माझा पहिला आणि शेवटचा सेंटिमीटर पूर्ण झाकलेला असे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे रामायण त्या झाकलेल्या सेंटिमीटरनेच घडवले.

महाविद्यालयाची दगडी इमारत एका टेकडीवर होती. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, आणि तिच्या खिडकीतून शेजारच्या चॅपेलची घंटा दिसे. फळ्याच्या वर एक साधा लाकडी क्रूस होता. तास सुरू होण्यापूर्वी सगळे एक मिनिट शांत उभे राहत; ज्याला प्रार्थना करायची तो करी, ज्याला करायची नसे तो निदान गप्प बसायला शिके.

मी तिथे रुळते न रुळते तोच एके दिवशी टेबलावरून खाली पडले. माझ्या सुरुवातीच्या टोकाची टोपी निखळली आणि आतल्या लाकडाची कड थोडी उडाली. मला सुताराकडे पाठवण्यात आले. चॅपेलमधली बाके त्यानेच केली होती. हाताचा मोठा स्वच्छ माणूस. त्याने माझे तुटलेले तोंड कानशीने घासून सपाट केले, वर टोपी घट्ट बसवली, पितळ चिंचोके चमकावेत तसे चमकवले आणि नव्यासारखी झाली म्हणून मला परत पाठवले. त्याची काहीच चूक नव्हती. बाकाचा पाय एक मिलिमीटर घासला तर बाक डुगडुगायचे थांबते. माझे तोंड एक मिलिमीटर घासले, आणि माझा पहिला सेंटिमीटर नऊच मिलिमीटरांचा उरला. वरून पितळ चकाकत होते. आत काय घडले ते मला ठाऊक होते, पण पट्टीला वाचा नसते. मी मूग गिळून राहिले.

त्यानंतर दोनच वर्षांनी फादर आले.

फादर धर्मगुरू होते आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापकही. सकाळी चॅपेलमध्ये उपासना आणि नऊ वाजता आमच्याकडे तास. झगा तोच, फक्त बाहीला खडू लागलेला. शिकवताना ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत. मुलांनी घड्याळ लावून पाहिले, तर प्रत्येक फेरीला नेमका तेवढाच वेळ लागे. तेव्हापासून त्यांचे नाव 'लंबक फादर' पडले. त्यांना ते कळले तेव्हा ते रागावले नाहीत. निरीक्षणे किती वेळा घेतलीत, एवढेच त्यांनी विचारले.

ते म्हणत, पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते, हा आकडा गावागावाला किंचित बदलतो. पुस्तकातला आकडा ज्याने पुस्तक छापले त्याच्या गावचा. आपल्या खोलीचा आकडा आपण मोजला पाहिजे. मग त्यांनी तो मोजायला घेतला. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, त्याला हलका झोका द्यायचा, शंभर झोक्यांना लागणारा वेळ घड्याळावर घ्यायचा आणि दोऱ्याची लांबी मोजायची. मग गणिताने पृथ्वीची ओढ निघते. चाळीस दिवस ते हेच करत होते. लांबी मोजायला त्यांनी मला निवडले. कपाटातली सर्वांत सुबक पट्टी मीच होते. माझे पितळी टोक दोऱ्याच्या मुळाशी टेकवून ते डोळ्यांत तेल घालून रेघा वाचत, आणि मी त्यांना दर वेळी एक मिलिमीटर जास्त सांगत होते.

आकडा आला नऊ पूर्णांक एकोणऐंशी शतांश. तो भिंतीवरच्या पितळी पाटीवर कोरला गेला. टेकडीच्या पोटात जड खडक असावा, म्हणून आपल्याकडे ओढ जरा अधिक, असा फादरांनी तर्क बांधला. मुले म्हणत, बरोबर आहे, म्हणूनच आम्हाला सकाळी उठवत नाही.

त्या दिवसापासून माझे नशीब पालटले. मला काचेचे स्वतंत्र कपाट मिळाले. मुले मला 'राणीसाहेब' म्हणू लागली. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले. बाकीच्या पट्ट्या कोपऱ्यात ढिगाने उभ्या असत, मुलांच्या घामट हातांत फिरत, आणि मी काचेमागून त्यांच्याकडे पाहत असे. त्या पट्ट्यांनी मोजले की आकडा अठ्ठ्याहत्तर शतांश येई. फादर पाटीकडे पाहत, मुलाच्या वहीकडे पाहत आणि लाल पेन्सिलीने लिहीत: 'पुन्हा मोजा.' मुलांत एक म्हण झाली होती: फादर चॅपेलमध्ये डोंगराएवढे पाप माफ करतात, प्रयोगशाळेत एक शतांशही नाही.

मित्रांनो, फादर कठोर नव्हते. त्यांनी कितीतरी मुलांना घरी बसण्यापासून वाचवले, आजारी मुलाच्या उशाशी बसून त्याला प्रकाशाचे नियम शिकवले. त्यांचा फक्त त्या चाळीस दिवसांवर विश्वास होता. कष्टाने मिळवलेली गोष्ट चुकीची असू शकते, हे मानायला माणसाला फार जड जाते. पट्टीलाही जड जाते.

पाटी लागल्याला वीस वर्षे झाली, तेव्हा एक मुलगी आमच्याकडे शिकायला आली. हसरी, वेणीची शेपटी सतत चावणारी, आणि हाताने फार नेटकी. तिचे बाक माझ्या कपाटासमोरच होते. सात वेळा तिने प्रयोग केला, सातही वेळा अठ्ठ्याहत्तर आले, आणि सातही वेळा लाल पेन्सिल फिरली. आठव्या वेळी तिने प्रयोग केलाच नाही. शंभर झोक्यांचा वेळ तिच्या वहीत दोनशे पूर्णांक नऊ दशांश सेकंद होता. तिने खोडरबराने तो नऊ पुसला आणि तिथे आठ लिहिला. सेकंदाचा एक दशांश, बस. पृथ्वी निमूटपणे पाटीवरच्या आकड्याला येऊन मिळाली. फादर आनंदाने म्हणाले की बघ, धीर धरला की आकडा येतो. त्या वर्षीचे प्रात्यक्षिकाचे पदक तिला प्रयोगशाळेतच मिळाले. ते घेताना ती हसली नाही, आणि ते मीच तेवढे पाहिले.

पुढे ती परगावी शिकली आणि सोळा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला परत आली. आता तिला सगळे 'बाई' म्हणत. फादरही थट्टेने 'बाई' म्हणत, आणि कोणी नसले की 'पोरी'. त्यांचे हात आता थरथरत. सत्र संपले की ते वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात राहायला जाणार होते. त्याआधी प्रयोगशाळेच्या दाराशी एक मोठी शिळा बसवायची, तिच्यावर फादरांचा आकडा कोरायचा आणि शनिवारी त्यांच्याच हस्ते तिचे अनावरण करायचे, असे प्राचार्यांनी ठरवले होते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका बसचालकाच्या मुलीने बाईंपुढे वही ठेवली. ही मुलगी कमी बोलणारी, पण हट्टी. पोलादाच्या नव्या पट्टीने मोजून तिने अठ्ठ्याहत्तर आणले होते. बाईंनी हाताच्या सवयीने 'पुन्हा मोजा' लिहिले. हे तीनदा झाले. वहीवर शुक्रवारपर्यंत सही नसेल, तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हते. मंगळवारी दुपारी ती चौथ्यांदा आली. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

"बाई, मी वेळेतला एक दशांश खोडला की एकोणऐंशी येतात," ती म्हणाली. "वर्गातल्या सगळ्यांनी तेच केलंय. तुम्ही सांगा, करू का?"

बाईंच्या तोंडात कोणी मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी किल्ली घेतली, माझे कपाट उघडले आणि मला टेबलावर त्या पोलादी पट्टीशेजारी, टोकाला टोक लावून आडवे केले.

मित्रांनो, मी तोपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पट्टीशेजारी झोपले नव्हते. बाई आणि ती मुलगी आमच्यावर वाकल्या. माझी प्रत्येक रेघ पोलादाच्या रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे पडत होती. दहाची, पन्नासची, नव्वदचीही. मग बाईंनी मला किंचित सरकवले आणि दहाची रेघ दहाच्या रेघेला जुळवली. तिथून पुढे सगळ्या रेघा तंतोतंत जुळल्या.

मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे राणीसाहेबांची चाल सरळच आहे. पहिलं पाऊलच तेवढं चुकलंय."

बाईंनी तिच्या वहीवरचे तिन्ही लाल शेरे खोडले, सही केली आणि तिला घरी पाठवले. मग त्या माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या.

पोरीची सही झाली, आता प्रश्न फादरांचा होता. शनिवारी त्यांच्या हातून एक चूक दगडावर जाणार होती. सांगावे, तर म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचा अभिमान जाता जाता हिसकावून घ्यायचा. न सांगावे, तर पुढच्या मुलांच्या हाती खोडरबर द्यायचा. शिवाय सांगायचे म्हणजे स्वतःचेही सांगावे लागणार. नाहीतर ते सांगणे अर्धेच राहणार. बुधवारी त्या फादरांच्या खोलीच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. त्या रागाने प्रयोगशाळेतली सगळी कपाटे आवरू लागल्या, तेव्हाच मी ते ओळखले. गुरुवारी त्यांनी मला स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि पोलादी पट्टीसह बगलेत मारून त्या निघाल्या.

फादरांची खोली मी प्रथमच पाहिली. लोखंडी खाट, एक टेबल, खुंटीवर दोन झगे, अर्धी भरलेली ट्रंक. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचे सामान इतके थोडे असते, हे पाहून मला गलबलून आले.

फडके उलगडताच ते हसले. "राणीसाहेबांना घेऊन आलीस? मला निरोप द्यायला?"

बाई उभ्याच राहिल्या. "फादर, माझी आई म्हणते, वडीलधाऱ्यांना कडू सांगायचं तर तोंडावर सांगावं आणि एकट्यात सांगावं. म्हणून आले." आणि त्यांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या.

फादरांनी चष्मा पुसला. टोके जुळवली, रेघा पाहिल्या, पट्ट्या उलट्या करून पुन्हा जुळवल्या. मग मला उचलून त्यांनी माझी टोपी नखाने टोकरली, आणि इतक्या वर्षांनी ती हलकेच निघून आली. खाली सुताराच्या कानशीने घासलेले माझे लाकूड उघडे पडले. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"चाळीस दिवस," ते म्हणाले. "आणि वर तो टेकडीच्या पोटातला खडक. तोही मीच घातला होता तिथे."

बाईंना हसू आले आणि रडूही. मग त्यांनी उरलेले सांगून टाकले: ते सात वेळा आलेले अठ्ठ्याहत्तर, तो खोडरबर, ते पदक. पदक आजही आपल्या घरच्या ट्रंकेच्या तळाशी उलटे ठेवलेले आहे, हेही सांगितले. फादर खाली पाहत ऐकत होते. पापनिवेदन ऐकताना धर्मगुरू ऐकतात तसे.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "तू मोजलंस बरोबर आणि लिहिलंस माझ्या धाकाने. या पट्टीचा दोष एक मिलिमीटरचा. माझा मोठा आहे. मी हिला कधी दुसरीच्या शेजारी ठेवलंच नाही." मग त्यांनी विचारले, "छत्तीस वर्षांत अशी किती पोरं झाली असतील गं?"

बाई त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि त्यांनी त्यांचा हात धरून ठेवला.

शनिवारी अनावरण झाले नाही. फादरांनी प्राचार्यांकडून त्याऐवजी एक तास मागून घेतला. वर्ग तुडुंब भरला होता. जुने विद्यार्थीही आले होते, कित्येकांचे केस पांढरे. नेहमीसारखे एक मिनिट शांततेचे झाले. मग फादरांनी फळ्यावर आपला आकडा लिहिला, त्याच्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली खरा आकडा लिहिला. आपण कुठे चुकलो ते त्यांनी, पहिल्या वर्षाच्या मुलांना समजवावे तसे, पायरीपायरीने समजावले. मग ते 'माझ्यामुळे ज्यांनी वहीत खोडलं' त्यांच्याविषयी बोलले. त्यांनी त्या सर्वांची क्षमा मागितली. मागच्या बाकावरचा एक टकला गृहस्थ उठून म्हणाला की फादर, मी दोनदा खोडलं होतं, पहिल्यांदा ऐंशी आले. सारा वर्ग हसला आणि फादर सर्वांत जास्त हसले. मग त्यांनी बाईंच्या हाती खडू दिला आणि स्वतः जाऊन पहिल्या बाकावर, त्या बसचालकाच्या मुलीशेजारी बसले.

मला वाटले, आता माझी रवानगी अडगळीत. पण फादरांनी जाण्यापूर्वी माझ्या गळ्यात स्वतःच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी बांधली: 'टोकापासून मोजल्यास एक मिलिमीटर वजा करावा. अन्यथा उत्तम.' माझे काचेचे कपाट मोडले. आता मी इतर पट्ट्यांबरोबर भिंतीला टेकून उभी असते, मुलांच्या घामट हातांत फिरते आणि पहिल्या वर्षाचा पहिला प्रयोग माझ्यावर होतो: या पट्टीची चूक शोधा. राणीपण गेले. पण मित्रांनो, हातांची ऊब काचेमागे कधी लागत नाही.

चार महिन्यांनी फादरांचे एक पत्र आले. निवासाच्या बागेत त्यांनी झाडाच्या फांदीला दोरा बांधून लंबक केला होता. पत्रात त्यांनी लिहिले होते: 'दोनदा मोजले. डोळ्यांचा भरवसा नाही. येऊन तपासून जा.' रविवारी बाई त्या मुलीला आणि मला घेऊन गेल्या. फादर आरामखुर्चीत शाल पांघरून बसले होते. त्यांनी आपला आकडा सांगितला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. आधी तुम्ही मोजा, म्हणाले. मुलगी झोके मोजू लागली. तिने माझी दहाची रेघ दोऱ्याच्या मुळाशी धरली. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. तिने बेरीज-वजाबाकी केली आणि आपला आकडा मोठ्याने, स्पष्टपणे सांगितला. फादरांनी खिशाकडे हातसुद्धा नेला नाही. "तोच लिहा," ते म्हणाले, आणि डोळे मिटून उन्हात स्वस्थ बसले.

मित्रांनो, आता माझे ऐका. मी विनंती करत नाही, सांगते आहे. वस्तू जपा, पण तिला नुसती पुसून चमकवणे म्हणजे जपणे नव्हे. तिला अधूनमधून दुसरीच्या शेजारी ठेवून पाहा. आपल्या मोठ्या माणसांनाही तसेच जपा. त्यांचा शब्द चुकला असे दिसले, तर पाठीमागे हसू नका आणि धाकाने वहीत खोडूही नका. जवळ जा, तोंडावर सांगा, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. सापडलेली चूक वजा करता येते. झाकलेली चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या बेरजेत जात राहते.

उठा आता. पट्टी घ्या, आणि जे खरेच येईल तेच लिहा.